चौथं नाव

अमेरिकेतल्या एका शेतात दर फेब्रुवारीत माणसं बर्फ तुडवत जातात. १९५९ साली तिथं विमान कोसळलं आणि बावीस वर्षांचा गायक बडी होली गेला. चाहत्यांनी त्याची आठवण जपली यात नवल नाही. नवल आहे ते चौथ्या नावाचं!

आयोवा हे अमेरिकेच्या मधोमध पसरलेलं शेतकऱ्यांचं राज्य. उन्हाळ्यात मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन. हिवाळ्यात मात्र नजर पोचेल तिथवर पांढरं बर्फ आणि अंगाला झोंबणारा वारा. या राज्याच्या उत्तर भागात तळ्याकाठी क्लियर लेक नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम आठ हजारांची. गावाबाहेर काही मैलांवर, शेताकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक भलाथोरला चष्मा उभा आहे. पोलादाचा, काळ्या जाड फ्रेमचा. शेताच्या तोंडाशी चष्मा कशाला, असा प्रश्न नवख्याला पडावा. पण इथं येणाऱ्याला तो पडत नाही. तो याच चष्म्याचा पत्ता शोधत आलेला असतो.

गाडी थांबते. माणसं उतरतात, कानटोप्या खाली ओढतात आणि कुंपणाच्या कडेनं चालू लागतात. कुणी पंच्याहत्तरीचे आजोबा, कुणी विशीतली पोर, कुणी इंग्लंडहून विमानानं आलेलं जोडपं. शेत खासगी मालकीचं आहे. पण या पाहुण्यांना कुणी अडवत नाही. बरंच अंतर चालल्यावर कुंपणाजवळच पोलादाची एक गिटार आणि तीन रेकॉर्ड्‌स दिसतात. आजूबाजूला फुलं, नाणी, गिटार वाजवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि चष्मे. कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांवरचा जुना चष्मा काढून तिथं ठेवून गेलेलं असतं.

३ फेब्रुवारी १९५९ च्या पहाटेपूर्वी याच जागी एक छोटं विमान कोसळलं. आत चारजण होते. तिघं गायक होते. त्यांची नावं जगाला पाठ झाली. चौथा विमान चालवत होता. त्याचं नाव घ्यायला जगाला बराच वेळ लागला.

चष्मेवाला पोरगा

चार्ल्स हार्डिन होली याचा जन्म ७ सप्टेंबर १९३६ चा. गाव टेक्सास राज्यातलं लबक. सपाट, कोरड्या, वाऱ्या-धुळीच्या मुलखातलं. चार भावंडांत हा शेंडेफळ. घरात सगळे त्याला ‘बडी’ म्हणत, तेच नाव पुढं चिकटलं. घरची परिस्थिती बेताची, पण गाण्याबजावण्याची आवड सगळ्यांना. वयाच्या पाचव्या वर्षी गाण्याच्या स्पर्धेत पाच डॉलरचं बक्षीस मिळवणाऱ्या या पोराच्या हातात पुढं गिटार आली आणि ती सुटलीच नाही.

१९५५ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली नावाचा तरुण लबकमध्ये गायला आला. बडीनं त्याला पाहिलं आणि आपल्यालाही हेच करायचंय, हे ठरून गेलं. काळ्या वस्तीतलं ऱ्हिदम अँड ब्लूज आणि गोऱ्या खेड्यांतलं कंट्री संगीत यांच्या मिलाफातून रॉक अँड रोल तेव्हा नुकतंच आकाराला येत होतं. त्याचा ठेका किती वेगानं जगभर पसरला, याचा दाखला आपल्याकडेही आहे. १९५७ साली सी. रामचंद्र यांनी ‘आशा’ चित्रपटात हाच ठेका आणला आणि सारा देश त्यावर नाचला. बडीच्या नशिबाचं वर्षही तेच, १९५७!

त्याआधी एक आपटी झाली होती. १९५६ मध्ये डेका या बड्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्याशी करार केला. करारपत्रात त्याच्या आडनावातलं एक अक्षर गळालं आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग कायमचं बदललं. गाणी मात्र चालली नाहीत. कंपनीनं करार वाढवला नाही. दुसरा एखादा खचला असता. बडी आपल्या दोस्तांना घेऊन शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या क्लोव्हिस गावी गेला. तिथं नॉर्मन पेटी यांचा छोटा स्टुडिओ होता. २५ फेब्रुवारी १९५७ ला तिथं ‘दॅट्ल बी द डे’ हे गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं. बँडचं नाव ठेवलं ‘द क्रिकेट्‌स’. इथं क्रिकेट म्हणजे बॅट-बॉलचा खेळ नव्हे, रात्री किर्रर्र करणारा रातकिडा! सप्टेंबरात हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पाठोपाठ इंग्लंडमध्येही.

बडीमध्ये हिरोसारखं काय होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. एल्व्हिसचं देखणेपण नाही, कंबर हलवणं नाही. उंच, हडकुळा देह आणि डोळ्यांवर जाड काड्यांचा काळा चष्मा. बँकेत कारकून शोभेल असं रूप. तेव्हाचे गायक चष्मा असलाच तर स्टेजवर काढून ठेवत. बडीला चष्म्याशिवाय धड दिसत नसे. शेवटी त्यानं चष्मा लपवायचं सोडून दिलं आणि मुद्दाम ठसठशीत फ्रेमच निवडली. वर्गात मागं बसणाऱ्या, आरशात बघून हिरमुसणाऱ्या लाखो पोरांना त्या दिवशी आपला माणूस सापडला. आपल्यासारखं दिसणारा कुणी तिथं उभा राहू शकतो, तर मग आपणही!

त्यातून बडी आपली गाणी स्वतः लिही, स्वतः चाल लावी. उचकी लागल्यासारखा आवाज मध्येच तोडायची त्याची लकब होती. दोन गिटार, एक बास आणि ड्रम ही चौघांची जुळणी त्याच्या बँडनं रूढ केली. पुढं जगभरातल्या कॉलेजांत, गॅरेजांत ज्या पोरांनी बँड काढले, त्यांनी हाच नमुना गिरवला.

मार्च १९५८ मध्ये क्रिकेट्‌स इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम झाला. लिव्हरपूलमधला पॉल मॅकार्टनी नावाचा पोरगा बडीची बोटं गिटारवर कुठं पडतात, हे डोळे ताणून बघत होता. त्याचा मित्र जॉन लेनन याला दूरचं दिसत नसे. पण चारचौघांत चष्मा लावायची त्याला लाज वाटे. बडीला पाहून त्याचीही भीड चेपली. त्याच वर्षी या मित्रांनी पदरचे पैसे घालून आयुष्यातली पहिली रेकॉर्ड केली. गाणं निवडलं ते बडीचंच! पुढं बँडचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा रातकिड्याच्या नावावरून त्यांना दुसरा एक किडा सुचला. भुंगेरा, म्हणजे बीटल. जगानं पुढं त्यांना ‘बीटल्स’ म्हणून डोक्यावर घेतलं.

चोवीस दिवस, चोवीस गावं

१९५८ च्या उन्हाळ्यात बडीची भेट मारिया एलेना सँटियागो या तरुणीशी झाली. न्यूयॉर्कमधल्या एका संगीत कंपनीत ती रिसेप्शनिस्ट होती. पहिल्याच भेटीत, जेवणाच्या टेबलावर त्यानं लग्नाचं विचारलं. १५ ऑगस्टला लबकमध्ये लग्न झालं आणि जोडपं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात राहायला आलं. तिथल्या फ्लॅटमध्ये टेपरेकॉर्डर ठेवून बडी एकटाच गिटारवर नवी गाणी बसवू लागला.

पण याच सुमारास पेटी यांच्याशी त्याचं बिनसलं. तेच त्याचे मॅनेजरही होते. हिशेबाच्या वादात पैसे अडकले. जुने साथीदार टेक्सासला परतले. गाणी जगभर वाजत होती आणि गायकाकडं घरखर्चाला पैसा नव्हता! त्यातच मारियाला दिवस गेलेले. तेवढ्यात ‘विंटर डान्स पार्टी’ नावाच्या दौऱ्याचं बोलावणं आलं. भर थंडीत उत्तरेकडच्या राज्यांत चोवीस दिवसांत चोवीस गावं. बडीनं होकार दिला तो पैशांसाठी.

त्याच्याबरोबर होता रिची व्हॅलेन्स. वय अवघं सतरा. लॉस एंजलिसजवळच्या मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबातला पोरगा. ‘ला बांबा’ या जुन्या मेक्सिकन लोकगीताला त्यानं रॉकचा साज चढवला होता. दुसरा जे. पी. रिचर्डसन, वय अठ्ठावीस. टेक्सासमधला रेडिओ निवेदक. धिप्पाड, हसरा, ‘बिग बॉपर’ या नावानं लोकप्रिय. त्याचीही बायको गरोदर होती. बडीच्या नव्या बँडमध्ये गिटारला टॉमी ऑलसप होता आणि बासवर वेलन जेनिंग्ज.

२३ जानेवारी १९५९ ला दौरा सुरू झाला आणि हालांनाही सुरुवात झाली. गावांचा क्रम नकाशा न बघताच लावलेला. आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. बस जुनाट, त्यांचे हीटर बंद पडत. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली. एका रात्री बस भर रस्त्यात बंद पडली. ड्रम वाजवणाऱ्या पोराचे पाय गारठून काळेनिळे पडले, त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. बाकीचे सर्दी-तापानं फणफणलेले, कपडे धुवायलाही उसंत नाही. अशा अवस्थेत २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मंडळी क्लियर लेकला पोचली.

नाणं हवेत उडालं

गावातल्या ‘सर्फ बॉलरूम’मध्ये त्या रात्री हजारावर पोरं-पोरी जमली. तिकीट सव्वा डॉलर. कार्यक्रम झकास रंगला. थंडीनं कुडकुडणाऱ्या, आजारी पोरांनी तो तसा रंगवला, हे समोर नाचणाऱ्यांना कळलंही नसेल. मध्ये सवड काढून बडीनं बॉलरूममधल्या टेलिफोन बूथमधून मारियाला फोन केला. ते त्यांचं शेवटचं बोलणं.

पुढचा कार्यक्रम मिनेसोटातल्या मूरहेडला. पुन्हा रात्रभर ती बस! बडीला ते नको होतं. जवळच्या मेसन सिटी विमानतळावरून त्यानं छोटं विमान ठरवलं. माणशी ३६ डॉलर. लवकर पोचावं, कपडे धुवावेत, पाठ टेकावी, एवढीच इच्छा. वैमानिक सोडून जागा तीनच: बडी, ऑलसप आणि जेनिंग्ज.

पण रिचर्डसनला फ्लू झाला होता. जेनिंग्जनं आपली जागा त्याला दिली. हे कळल्यावर बडीनं त्याची थट्टा केली, जा, तुझी बस गोठू दे! जेनिंग्ज हसत उत्तरला की मग तुझं विमान पडू दे. दोन दोस्तांची गंमत. पुढं कंट्री संगीताचा मोठा स्टार झालेला जेनिंग्ज २००२ मध्ये वारला. ते एक वाक्य कित्येक वर्षं त्याच्या मनाला कुरतडत राहिलं.

रिची ऑलसपच्या मागं लागला होता. या पोराला विमानाची भीती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शाळेच्या आवारात विमानाचे अवशेष कोसळून मुलं दगावली होती. आजोबांच्या अंत्यविधीला गेल्यामुळं रिची त्या दिवशी शाळेत नव्हता. तरीही थंडीपुढं भीती हरली. शेवटी नाणं उडवलं. रिची जिंकला. जागा त्याला मिळाली. ऑलसपनं पुढं टेक्सासमध्ये एक बार काढला, त्याच्या नावात नाण्याच्या त्या छाप्याची आठवण होती.

बॉलरूमच्या मॅनेजरनं तिघांना स्वतःच्या गाडीतून विमानतळावर सोडलं. बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचं एका इंजिनाचं विमान. चालवायला रॉजर पीटरसन, वय वर्षं एकवीस. लग्नाला पाच महिनेही झालेले नव्हते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास विमान उडालं. हलकं बर्फ भुरभुरत होतं. विमानकंपनीचा मालक खाली उभा राहून बघत होता. शेपटीचा दिवा लांब जात जात हळूहळू खाली उतरल्यासारखा दिसला आणि नाहीसा झाला. रेडिओवरून हाका मारल्या, उत्तर नाही. उजाडल्यावर तोच दुसरं विमान घेऊन शोधायला निघाला. विमानतळापासून काही मैलांवर, कुंपणाच्या तारांना टेकून पडलेला चोळामोळा त्याला वरून दिसला. चौघांपैकी कुणीही वाचलं नव्हतं.

मारियाला ही बातमी कळली टीव्हीवरून. बडीच्या आईला रेडिओवरून. धक्क्यानं मारियाचा गर्भ गेला. ती अंत्ययात्रेलाही जाऊ शकली नाही.

गाणं थांबलं नाही

मूरहेडचा कार्यक्रम त्याच रात्री झाला. ऐनवेळी जागा भरायला शेजारच्या फार्गो गावातली शाळकरी पोरं पुढं आली. त्यांतला पंधरा वर्षांचा गायक पुढं बॉबी व्ही नावानं प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये बडीचं ‘इट डझन्ट मॅटर एनीमोर’ त्याच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेलं. न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये त्यानं एकट्यानं गिटारवर म्हटलेल्या गाण्यांना मागाहून साथसंगत जोडून रेकॉर्ड्‌स निघाल्या. कारकीर्द दीड-दोन वर्षांची, पण संपायचं नाव घेईना!

न्यूयॉर्कजवळच्या एका गावात तेरा वर्षांचा एक मुलगा पेपर टाकायचा. पेपरांचा गठ्ठा सोडताना त्याला ही बातमी दिसली. त्याचं नाव डॉन मॅक्लीन. बारा वर्षांनी, १९७१ मध्ये त्यानं ‘अमेरिकन पाय’ हे साडेआठ मिनिटांचं गाणं केलं. ३ फेब्रुवारीला आज जे नाव आहे, ते या गाण्यानं दिलं.

मिनेसोटातल्या डुलुथ गावी दुर्घटनेच्या तीनच दिवस आधी बडीचा कार्यक्रम झाला होता. श्रोत्यांत बॉब डिलन हा शाळकरी पोरगा होता. डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा, २०१७ मध्ये दिलेल्या भाषणाची सुरुवात त्यानं बडीपासूनच केली. त्या रात्री बडीनं आपल्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि आपल्याला काहीतरी देऊन टाकलं, अशा अर्थाचं तो बोलला. साठ वर्षं होत आली होती त्या नजरेला!

आणि मॅकार्टनी? लिव्हरपूलमध्ये बडीची बोटं निरखणारा तो पोरगा श्रीमंत झाल्यावर त्यानं सत्तरच्या दशकात बडीच्या गाण्यांचे हक्कच विकत घेतले. १९७६ पासून लंडनमध्ये बडीच्या वाढदिवसाला ‘बडी होली वीक’ सुरू केला. हा व्यवहार पैशांचा होता, हे खरं. पण आपल्या आवडत्या गायकाचा वाढदिवस थाटात करायचा हौशी चाहतेपणाही त्यात होताच.

चष्मा सापडला!

नामवंतांचं सोडा. साध्या माणसांनी काय केलं?

लबकच्या स्मशानभूमीत बडीची कबर आहे. जमिनीसरशी आडवी शिळा, त्यावर गिटार कोरलेली. आडनावाचं स्पेलिंग आईबापांनी दिलेलं, मूळचं. करारपत्रात गळालेलं अक्षर इथं जागच्या जागी आहे. तिथंही लोक गिटारच्या पट्ट्या आणि नाणी ठेवून जातात.

त्याचा खरा चष्मा मात्र एकवीस वर्षं बेपत्ता होता. १९५९ च्या वसंतात बर्फ वितळल्यावर तो शेतात सापडला, सरकारी पाकिटात बंद झाला आणि मेसन सिटीच्या कोर्टात विसरला गेला. १९८० मध्ये जुने कागद चाळताना कुणाच्या तरी हाती ते पाकीट लागलं. आता तो चष्मा लबकच्या ‘बडी होली सेंटर’मध्ये काचेआड आहे. १९९९ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय जुन्या रेल्वे स्टेशनाच्या इमारतीत आहे. तिथल्या गिटारपेक्षा लोक त्या चष्म्यापुढं जास्त रेंगाळत असतील, तर आश्चर्य वाटायला नको. फ्रेम तीच. डोळे तेवढे नाहीत.

क्लियर लेकमध्ये १९७९ साली, विसाव्या स्मृतिदिनी, सर्फ बॉलरूममध्ये पहिला स्मृतिसोहळा झाला. तेव्हापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला दूरदूरहून माणसं येतात, त्याच लाकडी फरशीवर त्याच गाण्यांवर नाचतात. वर छतावर आजही ढग सरकताना दिसतात, अशी तिथली दिव्यांची करामत. बडीनं फोन केला तो बूथही जागेवर आहे. २०२१ मध्ये अमेरिकन सरकारनं या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. नाचगाण्याच्या हॉलला असा मान मिळतो, तो तिथं सतत येत राहिलेल्या माणसांमुळं.

रिचर्डसनचा मुलगा बाप गेल्यावर पावणेतीन महिन्यांनी जन्मला. मोठेपणी तो वडिलांच्याच पोशाखात, त्यांचीच गाणी गात असे. विमानात गोळीबार झाला असावा, अशा वावड्या वर्षानुवर्षं उठत. कारण शेतात बडीचं पिस्तूल सापडलं होतं. मुलाला खरं काय ते हवं होतं. २००७ मध्ये त्याच्या विनंतीवरून वडिलांची शवपेटी उघडून शास्त्रीय तपासणी झाली. गोळीची खूण नव्हती. मृत्यू तत्काळ आला होता. कधीही न पाहिलेल्या बापाला त्यानं आयुष्यात त्याच दिवशी प्रथम पाहिलं.

आणि रॉजर पीटरसन?

चौकशी झाली. त्याच वर्षी अहवाल आला. रॉजरला फक्त डोळ्यांनी बघून विमान चालवायचा परवाना होता. काळोख आणि बर्फात क्षितिज दिसेनासं झालं की केवळ यंत्रांच्या भरवशावर उडावं लागतं. त्या परीक्षेत तो काही महिन्यांपूर्वी नापास झाला होता. त्यातून या विमानातलं एक यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्रापेक्षा उलट पद्धतीनं दाखवणारं. आपण वर जातोय असं समजून तो खाली येत राहिला असावा. हवामान बिघडत असल्याच्या सूचना निघाल्या होत्या. त्या त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत, हेही अहवालात आहे. तरी ठपका मुख्यतः त्याच्यावर. निघायचा निर्णय त्याचा. २०१५ मध्ये फेरचौकशीची मागणी झाली. तपास यंत्रणेनं ती मान्य केली नाही.

कायद्याच्या भाषेत प्रकरण संपलं. पण आयोवातल्या आल्टा या छोट्या गावातल्या आईबापांचं काय? त्यांचाही मुलगा गेला होता. त्यांच्या सुनेचंही कुंकू पाच महिन्यांच्या आत पुसलं गेलं होतं. पण जग रडत होतं ते तीन गायकांसाठी. लाडक्या गायकाच्या मृत्यूचं कारण ज्याच्या नावावर लिहिलेलं, त्या पोरासाठी उघडपणे रडायची तरी सोय असते का?

अशा वेळी त्या घरात पत्रं आली. बडी होलीच्या घरून. रिची व्हॅलेन्सच्या घरून. सांत्वनाची पत्रं! ज्यांचे मुलगे त्या विमानात गेले, त्यांनीच ते विमान चालवणाऱ्या पोराच्या आईबापांच्या दुःखात आपला हात पुढं केला. पुत्रशोक म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चाहत्यांना तिथवर पोचायला वेळ लागला. चाहत्याचं प्रेम मुळात एकाच माणसावर असतं. त्या प्रेमाला कुणावर तरी रागही काढायचा असतो. पण वर्षं सरली. त्या रात्री हॉलमध्ये नाचलेली पोरं-पोरी आईबाप झाली, आजी-आजोबा झाली. त्यांचीही मुलं एकविसाची झाली, रात्री-अपरात्री गाड्या घेऊन बाहेर पडू लागली. एकवीस वर्षं म्हणजे किती कोवळं वय असतं, हे तेव्हाच कळतं.

जून १९८८ मध्ये सर्फ बॉलरूमबाहेर चार फुटी ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं. त्यावर नावं चार होती. बडी होली, रिची व्हॅलेन्स, जे. पी. रिचर्डसन आणि रॉजर पीटरसन. अनावरणाला रॉजरची पत्नी, आईबाप आणि बहीण आली होती. चारही कुटुंबं एका ठिकाणी जमण्याची ती पहिलीच वेळ. मध्ये एकोणतीस वर्षं गेली होती.

त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या एका चाहत्यानं पोलादाची ती गिटार आणि तीन रेकॉर्ड्‌स घडवून शेतात उभ्या केल्या. रेकॉर्डी तीनच. चौथ्याची रेकॉर्ड असणार तरी कशी? पण ही उणीव त्याच्या मनात राहिली असावी. कारण फेब्रुवारी २००९ मध्ये, दुर्घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्याच चाहत्याच्या हातचं आणखी एक स्मारक त्या शेतात उभं राहिलं. रॉजर पीटरसनचं!

आता चष्म्यापासून निघालेली माणसं कुंपणाच्या कडेनं चालत येतात. आधी गिटारपाशी थांबतात. कुणी गुणगुणतं, कुणी फोटो काढतं, कुणी खिशातली पट्टी काढून ठेवतं. तिथंच रॉजरचंही स्मारक आहे. बडीसाठी हजारो मैलांवरून आलेला माणूस तिथंही घटकाभर उभा राहतो. या पोरानं एकही गाणं म्हटलेलं नाही. त्याचा ऑटोग्राफ कुणी मागितला नव्हता.

तरीही त्याच्यापुढंही कुणी कुणी फूल ठेवून जातं.